शामळदास कॉलेजातले एक सत्र

महात्मा गांधी म्हटले की आपल्याला चंपारण आठवते, दांडी आठवते आणि बेळगावकरांना १९२४ सालचे टिळकवाडीतले काँग्रेस अधिवेशन आठवते. भावनगरचे शामळदास कॉलेज सहसा कुणाला आठवत नाही. गांधीजी त्या कॉलेजात जेमतेम एक सत्र होते आणि तेही अपयशाचे. १८८८ च्या जानेवारीत अठरा वर्षांचा मोहनदास तेथे पहिल्या वर्षाला दाखल झाला. प्राध्यापक काय शिकवतात ते त्याला कळेना, त्यात गोडी वाटणे तर दूरच राहिले. सत्र संपताच तो राजकोटला घरी परतला आणि पुन्हा त्या वर्गात बसला नाही.

भाषा विशेषांकासाठी आम्ही हा प्रसंग निवडला त्याला कारण आहे. दरवर्षी जूनमध्ये सीमाभागातल्या मराठी शाळांची मुले दहावीची परीक्षा चांगल्या गुणांनी पास होऊन पीयूसीला विज्ञान शाखेत जातात आणि दिवाळीच्या सुट्टीत भेटली की खाली मान घालून बोलतात. सर, काही कळत नाही, एवढेच त्यांचे म्हणणे असते. ज्याला शाळेत बल, त्वरण, संवेग हे पाठ नव्हे तर समजलेले असते, त्याला फोर्स, अ‍ॅक्सिलरेशन, मोमेंटम हे शब्द फळ्यावर पाहून ती आपलीच जुनी ओळखीची माणसे आहेत हे कळायलाच तीन महिने जातात. तोवर पहिली चाचणी झालेली असते आणि आपण मठ्ठ आहोत असा त्याने स्वतःविषयी निकाल लावलेला असतो. असा निकाल लावून बसलेल्या मुलांना शामळदास कॉलेजातल्या त्या विद्यार्थ्याची हकीकत ठाऊक असावी असे आम्हाला वाटते.

मोहनदासचा जन्म २ ऑक्टोबर १८६९ चा, पोरबंदरचा. तिथल्या शाळेत पाढे पाठ करतानाही त्याची दमछाक होत असे. सातव्या वर्षाच्या सुमारास कुटुंब राजकोटला आले. वडील करमचंद हे राजकोटचे दिवाण. त्यांचे शिक्षण गुजराती पाचव्या इयत्तेच्या आसपास, इंग्रजीचा गंध नाही, पण व्यवहाराची जाण अशी की संस्थानातले गुंतागुंतीचे तंटे त्यांच्यापुढे सुटत. मोहनदास लाजाळू होता. शाळा सुटली की कुणी बोलेल, चेष्टा करील या धास्तीने पळत घर गाठायचा. तेरा वर्षांचा असताना लग्न झाले आणि शाळेचे एक वर्ष बुडाले. ते भरून काढावे म्हणून शिक्षकांनी त्याला तिसरीत सहा महिने बसवून एकदम चौथीत घातले. ही चौथी म्हणजे इंग्रजी शाळेची चौथी. येथून बहुतेक विषय इंग्रजीतून सुरू होत.

येथेच पहिली ठेच लागली. भूमिती हा विषय नवा आणि त्यात तो परक्या भाषेतून. शिक्षक चांगले होते, समजावून सांगण्याची हातोटी त्यांच्यापाशी होती, तरी मुलाच्या डोक्यात काही शिरेना. परत तिसरीत जावे असे त्याला अनेकदा वाटले. पण तसे केले तर आपली नाचक्की होईल, शिवाय ज्या शिक्षकांनी भरवसा ठेवून वर चढवले त्यांचीही होईल, या विचाराने तो तिथेच रेटत राहिला. युक्लिडच्या तेराव्या प्रमेयापाशी आला आणि एकाएकी उजेड पडला. ज्या विषयात फक्त सरळ विचार करायचा असतो तो विषय अवघड कसा असेल, असे त्याला वाटू लागले आणि पुढे भूमिती त्याच्या आवडीची झाली.

आम्ही गणिताच्या शिक्षकांनी या तेराव्या प्रमेयाकडे जरा निरखून पाहावे. एका रेषेवर दुसरी रेषा उभी केली तर शेजारच्या दोन कोनांची बेरीज दोन काटकोनांएवढी भरते, इतकेच ते आहे. आपल्या पुस्तकात रेषीय जोडीचे कोन म्हणून जे येते तेच. त्यात अवघड असे काही नाही. आधीची बारा प्रमेये मात्र अवघड जातात, कारण त्यांत विषय आणि भाषा दोन्ही एकदम अंगावर येतात. तेराव्यापर्यंत येता येता भाषेचे ओझे थोडे उतरते आणि मग विषय दिसायला लागतो. आमच्या मते मोहनदासचे तसेच झाले असावे. अशा मुलाला बाराव्या प्रमेयावर शाळा सोडू न देणे हे शिक्षकाचे अर्धे काम आहे.

संस्कृतची गोष्ट निराळी. तिथे पाठांतर फार, शिक्षक कडक. फारसीचा वर्ग सोपा आणि मौलवी मायाळू अशी मुलांत वदंता होती. मोहनदास एक दिवस फारसीच्या वर्गात जाऊन बसला. संस्कृतच्या मास्तरांना त्याचे वाईट वाटले. त्यांनी मुलाला जवळ बोलावून घरच्या वैष्णव संस्कारांची आठवण दिली आणि काही अडत असेल तर माझ्याकडे ये असे सुचवले. मुलगा शरमला आणि परत आला. जे थोडे संस्कृत तेव्हा पदरी पडले त्याच्या आधारावर पुढे धर्मग्रंथांत रस घेता आला, याबद्दल गांधीजींनी त्या शिक्षकांचे ऋण उतारवयापर्यंत मानले. कडक शिक्षकालाही मुलाची अडचण विचारता येते, हे आमच्या व्यवसायबंधूंनी या ठिकाणी टिपून ठेवायला हरकत नाही.

१८८७ च्या नोव्हेंबरात मोहनदास मॅट्रिकला बसला. केंद्र अहमदाबादला होते. त्याचे गुण अभ्यासकांनी जुन्या कागदपत्रांतून शोधून काढले आहेत. इंग्रजीत २०० पैकी ८९, गुजरातीत १०० पैकी साडेपंचेचाळीस, गणितात १७५ पैकी ५९ आणि सामान्य ज्ञानात १५० पैकी ५४. एकूण ६२५ पैकी साडेदोनशेला अडीच कमी, म्हणजे चाळीस टक्केही नाहीत. आजच्या पालकांना हे गुण दाखवले तर ते मुलाला कुठल्या शिकवणीला घालायचे याची चर्चा सुरू करतील.

मुंबईच्या कॉलेजचा खर्च झेपणारा नव्हता म्हणून भावनगर ठरले. १८८५ साली निघालेले ते नवे कॉलेज होते आणि तिथले प्राध्यापक पहिल्या दर्जाचे मानले जात. गांधीजींनी पुढे लिहिताना दोष त्यांच्यावर टाकला नाही, आपणच कच्चे होतो असे म्हणून ते मोकळे झाले. हा त्यांचा मोठेपणा. शिक्षकाच्या नजरेने पाहिले तर आम्हाला ते पुरेसे वाटत नाही. राजकोटच्या शाळेत वर्गात गुजराती बोलणाऱ्या मुलाला शिक्षा होत असे आणि मुले चुकीचे, अर्धे कळलेले इंग्रजी बोलली तरी चालत असे, हे त्यांनीच नंतर लिहून ठेवले आहे. अशा शाळेतून चार वर्षांत जे इंग्रजी तयार होते ते प्रश्नपत्रिकेपुरते असते. प्राध्यापक तासभर अखंड बोलू लागले की ते पुरत नाही. ऐकलेले वाक्य मनात आपल्या भाषेत फिरवेपर्यंत पुढची तीन वाक्ये निघून जातात. मग विद्यार्थी मान हलवतो, वही उघडी ठेवतो आणि तास संपण्याची वाट पाहतो. ज्यांनी पीयूसीच्या वर्गात मागच्या बाकावर बसून पाहिले आहे त्यांना हे चित्र नवीन नाही.

शामळदासमधून सुटका झाली ती एका कुटुंबस्नेह्यांच्या सल्ल्यामुळे. मावजी दवे यांनी हिशेब मांडला की बी.ए. व्हायला चार-पाच वर्षे जाणार आणि हाती लागणार साठ रुपयांची नोकरी. त्यापेक्षा विलायतेला जाऊन तीन वर्षांत बॅरिस्टर होणे बरे. कॉलेजच्या अभ्यासाने घाबरलेल्या मोहनदासने ही कल्पना तात्काळ उचलली. येथे थोडे स्पष्ट बोलावे लागेल. विलायतेच्या या प्रवासात ज्ञानाची ओढ किती आणि कॉलेजपासून पळ किती, हे सांगणे कठीण आहे. जातीचा विरोध, आईला दिलेली वचने, ४ सप्टेंबर १८८८ ला मुंबईहून सुटलेली बोट हे सारे प्रसिद्धच आहे.

लंडनमध्ये इंग्रजी टाळण्याला जागाच नव्हती. तिथे त्याने काय केले ते मात्र नीट पाहण्यासारखे आहे. हिंदुस्थानात असताना त्याने वर्तमानपत्र कधी वाचले नव्हते. तिथे रोज तासभर तीन-तीन वर्तमानपत्रे वाचायला सुरुवात केली. एका मित्राने बेंथॅमचा जड ग्रंथ वाचून दाखवायला घेतला तेव्हा हे माझ्या डोक्यावरून जाते असे त्याने सरळ सांगून टाकले. काही काळ नाच, व्हायोलिन, फ्रेंच, वक्तृत्व असे साहेबी थाट शिकण्यात गेला. तीनेक महिन्यांत ते खूळ उतरले. बॅरिस्टरच्या परीक्षा सोप्या, टिपणे वाचून पार होण्याजोग्या, म्हणून हाती वेळ उरला. त्या वेळात त्याने आपण होऊन लंडनची मॅट्रिक परीक्षा द्यायचे ठरवले. कॉलेज सोडून आलेला मुलगा पुन्हा मॅट्रिकच्या बाकावर बसला.

त्या परीक्षेला लॅटिन सक्तीचे होते. पहिल्या वेळी, १८९० च्या जानेवारीत, तो लॅटिनमध्ये नापास झाला. वाईट वाटले, पण एव्हाना लॅटिनची गोडी लागली होती. रसायनशास्त्र जमेना म्हणून ते सोडून उष्णता आणि प्रकाश हा विषय घेतला, खोली स्वस्तातली घेतली, सकाळचे जेवण हाताने शिजवू लागला आणि जूनमध्ये पास झाला. कायद्याचेही तसेच. इतर मुले पंधरा दिवस टिपणे घोकून रोमन कायद्याची परीक्षा देत. याने रोमन कायदा लॅटिनमधून वाचला. इंग्लंडचा सर्वसाधारण कायदा वाचायला त्याला नऊ महिने लागले. १० जून १८९१ रोजी तो बॅरिस्टर झाला आणि १२ जूनला घरी निघाला. बी.ए. तो कधीच झाला नाही.

याच लंडनमध्ये १८८९ साली दोघा थिऑसॉफिस्ट भावांनी त्याला गीता वाचायला बोलावले. ते एडविन अर्नोल्डच्या इंग्रजी भाषांतरावरून वाचत होते आणि मोहनदासने गीता संस्कृतात वाचलेली नव्हती, गुजरातीतही नव्हती. त्याला लाज वाटली. स्वतःच्या घरातली वस्तू दुसऱ्याच्या घरी जाऊन पाहण्याची ही वेळ आपल्याकडच्या इंग्रजी माध्यमातल्या मुलांवर आज किती सहज येते, ते ज्याचे त्याने पाहावे.

न कळण्याचा अनुभव बॅरिस्टर झाल्यावरही संपला नाही. १८९३ साली दक्षिण आफ्रिकेला जाताना बोट झांझिबारला थांबली. बॅरिस्टर गांधी तिथले कोर्ट पाहायला गेले. दावा हिशेबाच्या वह्यांचा होता आणि त्यातले एक अक्षर त्यांना समजले नाही. पुढे ज्या दादा अब्दुल्ला यांच्या दाव्यासाठी ते चालले होते तोही चाळीस हजार पौंडांचा, सगळा जमाखर्चाचा. कारकून पी. नोट, पी. नोट म्हणे आणि यांना ते काय हे ठाऊक नाही. शब्दकोशात ते सापडले नाही. शेवटी त्यांनी कारकुनालाच विचारले, तेव्हा प्रॉमिसरी नोट हा उलगडा झाला. मग जमाखर्चाचे एक पुस्तक विकत आणून बसून वाचले आणि दाव्याचा असा अभ्यास केला की उभय पक्षांची बाजू त्यांना तोंडपाठ झाली. भावनगरच्या वर्गात जो तरुण विचारू शकला नाही, तो पाच वर्षांनी कारकुनाला विचारत होता. आमच्या मुलांना आम्ही हा भाग आवर्जून सांगतो. वर्गात हात वर करायला धीर होत नसेल तर तास संपल्यावर विचारा, बरोबरच्या मुलाला विचारा, आणि दोन रकान्यांची वही घाला. एका बाजूला मराठी शब्द, दुसऱ्या बाजूला इंग्रजी. पहिल्या सत्रातच दोनशे-अडीचशे शब्द होतात. आमच्या समितीच्या शाळाभेटींतून अशा वह्या दहावीच्या सुट्टीतच सुरू करून घेतल्या तर जूनमधला धक्का बराच कमी बसतो, असे दिसते.

या साऱ्याचा परिणाम गांधीजी स्वतः शिक्षक झाले तेव्हा दिसला. १९१० साली जोहान्सबर्गजवळ टॉलस्टॉय फार्म उभे राहिले. सत्याग्रहींची मुले तिथे होती; कुणी गुजराती, कुणी हिंदी, कुणी उर्दू बोलणारी, बरीचशी तमीळ. सर्वांना एका भाषेत शिकवणे सोयीचे झाले असते. गांधीजींनी मुलांना त्यांच्या त्यांच्या भाषेतून शिकवायचे ठरवले. त्यांचे तमीळ बोटीवर आणि तुरुंगात पुस्तकावरून शिकलेले, अगदी तोडके. वर्गातल्या तमीळ मुलांचे त्यांच्यापेक्षा कितीतरी चांगले. आपले अज्ञान त्यांनी मुलांपासून लपवले नाही. इंग्रजी न जाणणारे तमीळ पाहुणे आले की हेच विद्यार्थी गांधीजींचे दुभाषी होत. मूल शिक्षकाच्या भाषेपर्यंत येत नसेल तर शिक्षकाने मुलाच्या भाषेपर्यंत जावे, हे तिथे रोज घडत होते. सीमाभागात भाषेचा प्रश्न आम्ही मांडतो तो एवढाच आहे. राज्याची भाषा शिकायला आमच्या मुलांचा नकार नाही. त्यांना कन्नड येते, बाजारात आणि मैदानात ती सुरेख बोलतात. पण अपूर्णांक आणि प्रकाशसंश्लेषण त्यांना घरच्या भाषेत कळू द्या, इतकेच. हैदराबादेत १९१८ साली उस्मानिया विद्यापीठ इंग्रजीऐवजी उर्दूत निघाले तेव्हा देशभर त्याचे कौतुक झाले, ते योग्यही होते. पण मराठवाड्यातून तिथे जाणाऱ्या मराठी मुलाला एक परकी भाषा जाऊन दुसरी आली.

गांधीजींच्या या आग्रहाची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. स्वतःच्या मुलांना त्यांनी शाळेत घातले नाही. घरीच, जमेल तेव्हा, गुजरातीतून शिकवले. जमत असे ते फार थोडे. मुलांना लहानपणापासून इंग्रजी द्यावे यावरून त्यांचे सहकारी पोलाक यांच्याशी तावातावाने वाद होत. थोरले चिरंजीव हरिलाल १९११ मध्ये शिक्षणासाठी घर सोडून अहमदाबादला आले, पण मॅट्रिक होऊ शकले नाहीत आणि बापलेकांतली तेढ वाढत गेली. मातृभाषेतून शिक्षण म्हणजे शाळेविना शिक्षण नव्हे. पुस्तके हवीत, शिक्षक हवेत, वेळ हवा. आमच्या कित्येक मराठी शाळांत आज पटाअभावी एकच शिक्षक चार वर्ग सांभाळतो, त्या शाळांकडे बोट दाखवून मराठी माध्यमाला नावे ठेवणाऱ्यांनी आणि मराठीचा नुसता जयजयकार करणाऱ्यांनीही हे ध्यानात घ्यावे.

१९१५ साली गांधीजी मायदेशी परतले. पुढच्याच वर्षी, ६ फेब्रुवारी १९१६ ला, काशीच्या हिंदू विश्वविद्यालयात बोलताना आपल्याच देशबांधवांशी परक्या भाषेत बोलावे लागते याची शरम त्यांनी भर सभेत बोलून दाखवली. पुण्याच्या काही प्राध्यापकांशी त्यांचे बोलणे झाले होते. इंग्रजीतून शिकावे लागल्यामुळे प्रत्येक हिंदी तरुणाची सहा वर्षे तरी वाया जातात, असा त्या प्राध्यापकांचा अंदाज त्यांनी तिथे सांगितला. त्यानंतर तीन महिन्यांच्या आत ते प्रांतिक परिषदेसाठी बेळगावला आले होते. १९१७ च्या ऑक्टोबरात भडोचच्या गुजरात शिक्षण परिषदेचे अध्यक्ष म्हणून त्यांनी शिक्षणाच्या माध्यमाचा प्रश्न सविस्तर मांडला आणि १९२० साली अहमदाबादला गुजरात विद्यापीठ काढले. त्याच वर्षी नागपूरला काँग्रेसचे प्रांत भाषावार झाले. तत्त्व चांगले, पण सीमेवरच्या गावांना त्या रेघेने काय दिले ते १ नोव्हेंबर १९५६ पासून आपण पाहतच आहोत. तो विषय वेगळा.

१९३७ च्या ऑक्टोबरात वर्ध्याला शिक्षण परिषद भरली. सात वर्षांचे शिक्षण मातृभाषेतून द्यावे, असे तिथे ठरले. पुढच्या वर्षी जुलैमध्ये हरिजन पत्रात गांधीजींनी आपल्या राजकोटच्या शाळेचा हिशेब मांडला. अंकगणित, भूमिती, बीजगणित, रसायन, खगोल हे सारे शिकायला आपली चार वर्षे गेली. गुजरातीतून ते एका वर्षात सहज झाले असते, असा तो हिशेब होता. वय अडुसष्ट, साऱ्या देशाचा भार डोक्यावर, आणि चौथीतली भूमिती अजून सलत होती. आणखी एक सल त्यांनी तिथे नोंदवला. शाळेत शिकलेले वडिलांना सांगता आले नाही, कारण वडिलांना इंग्रजी येत नव्हते. १८८५ मध्ये वडील वारले, तेव्हा मुलगा शाळेतच होता.

राहता राहिली गुजरातीची गोष्ट. मॅट्रिकला गुजरातीत साडेपंचेचाळीस गुण मिळवणाऱ्या या विद्यार्थ्याने हिंद स्वराज्य गुजरातीत लिहिले, १९०९ साली, बोटीवर, उजवा हात दुखला तेव्हा डाव्या हाताने. आत्मचरित्रही १९२५ पासून नवजीवनमध्ये गुजरातीतच लिहिले. गुजराती शुद्धलेखनाचा गोंधळ त्यांना सहन होईना, तेव्हा विद्यापीठाकडून त्यांनी जोडणीकोश करून घेतला. तो १९२९ मध्ये निघाला. ते काम त्यांनी ज्यांच्यावर सोपवले ते काका कालेलकर, आपल्या बेळगुंदीचे, मराठी घरातले. त्यांची गुजराती मोठेपणी शिकलेली होती.